पाठीमागे धरलेला हात

कचरूबद्दल लिहायचं मी वीस-पंचवीस वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही म्हणून टाळणं सोपंही गेलं. तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. आता टाळलं तर ते कायमचंच राहील.

निमित्त घडलं ते मागच्या हिवाळ्यात. आमच्या बियाणे कंपनीतली जुनी माणसं नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये जमली होती. कंपनी आता नाही. मालक गेले, मुलांनी ती विकून टाकली. पण माणसं आहेत अजून. जेवणाआधी मला बोलायला उभं केलं, कारण वयानं मीच मोठा. मी ड्रायव्हरपासून पॅकिंगच्या बायांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली, प्रत्येकाची एकेक आठवण सांगितली, टाळ्या घेतल्या. खाली बसलो तर शेजारी बसलेल्या पॅकिंगच्या शांताबाई म्हणाल्या, "सायब, कचरूभाऊ ऱ्हायला की तुमचा."

"विसरलोच," मी म्हणालो.

विसरलो नव्हतो. यादी केली तेव्हा त्याचं नाव सगळ्यात वर आलं होतं, म्हणूनच सोडलं.

कचरू म्हस्के हा भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. उंचीला कमी, हात मात्र लांब, आणि बोटं अशी की बघणाऱ्यानं त्याला तबलजी समजावं. शिक्षण सातवी. कंपनीत आला तो गोण्या उचलायला. त्याच साली, १९८२ मध्ये, मालकांनी गोदामामागच्या खोलीत बियाण्याच्या उगवणीची तपासणी सुरू केली, मला तिथं लॅब इन्चार्ज नेमलं आणि हाताखाली एक माणूस हवा म्हणून कचरूला पाठवून दिलं. मी बी.एस्सी. ॲग्री. मालक मला नावानं कधीच हाक मारत नसत. "काय बीएस्सी?" एवढंच. कचरू मला 'सायब' म्हणायचा.

काम असं होतं. विकायला जाणाऱ्या प्रत्येक मालातून चारशे दाणे मोजून घ्यायचे, शंभराचे चार वाटे करायचे, ओल्या कागदाच्या गुंडाळीत किंवा वाळूच्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. तो आकडा पिशवीच्या लेबलावर जायचा. त्याखाली सही माझी.

मी पहिल्या दिवशी चिमट्यानं एकेक दाणा मोजत बसलो. कचरू थोडा वेळ बघत उभा राहिला.

"सायब, असं तं हे बी इथंच म्हातारं व्हईन."

त्यानं मुठीत ज्वारी घेतली आणि अंगठ्यानं दाणे सोडले. पाच-पाच, वीस वेळा. मी ते पुन्हा चिमट्यानं मोजले. शंभर. पुढच्या वीस वर्षांत त्याचा शंभराचा वाटा नव्याण्णव किंवा एकशेएक झालेला मी पाहिला नाही. बियाण्याला औषध लावायच्या आधी तो एक दाणा दाढेखाली धरायचा आणि म्हणायचा, "ओल हाय अजून. दोन दिस उन्हात टाका." ओलावा मोजायचं यंत्र आलं तेव्हा मी मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. यंत्राला वेळ लागायचा, त्याला लागत नसे. एवढाच फरक.

पुस्तकात अंकुरांचे प्रकार दिले होते, इंग्रजीत. मी ते त्याला पाठ करायला सांगितले. त्यानं ऐकून घेतले आणि आपली नावं ठेवली. नीट उगवलेलं ते 'चालतं'. मूळ तुटकं किंवा कोंब वाकडा असेल तर 'लंगडं'. कुजलेलं ते 'गेलं'. आणि मुगात किंवा भेंडीत काही दाणे जिवंत असूनही पाणी पीत नाहीत, तसेच टणक राहतात, ते 'रुसलेलं'. सकाळी मी आलो की तो ट्रेपाशी उकिडवा बसून सांगायचा, "सायब, एक्याऐंशी चालते, सहा लंगडे, नऊ गेले, चार रुसून बसले." मी वहीत इंग्रजीत लिहायचो.

खोलीत येताना तो चपला बाहेर काढायचा. मला कधी काढ म्हणाला नाही, पण मी बुटानं आत आलो की माझ्या बुटांकडे बघायचा. दार आपटलं की चिडायचा. ट्रेवर पाणी शिंपडताना तोंडानं काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी कान देऊन ऐकलं. "उठा रे बाबाहो, उजाडलं. किती झोपता." मला हसू आलं. तो अजिबात लाजला नाही. म्हणाला, "हसा. पण बोललं की उठते ते. तुमच्या पुस्तकात नसंन."

दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. बाजरीचा एक मोठा माल होता, मालकांनी दूरवरून आणलेला. चौथ्या दिवशी ट्रेमध्ये निम्मंही उगवलं नव्हतं. मी रिपोर्टवर नापास लिहिलं. तो माल जनावरांच्या खाद्यात जाणार होता. कचरूनं माझा हात धरला नाही, पण धरल्यासारखाच उभा राहिला.

"सायब, बी चांगलं हाय. त्याला हीव लागून राह्यलं. तीन दिवस द्या मला."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ट्रे दिसेनात. कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग. त्यानं घरच्या गोधड्या आणल्या होत्या, बायकोच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या. ट्रे त्यात गुंडाळून ठेवले होते आणि खोलीत शेगडी. त्याच्या घरी दोन लेकरं आणि बायको त्या तीन दिवसांत काय पांघरत होती, हे मी विचारलं नाही. गोधड्या उघडल्या तर बाजरी हिरवीगार. चौऱ्याऐंशी चालते.

माल वाचला. मालक खोलीत आले, ट्रे पाहिले, माझ्या पाठीवर थाप मारली. "वा बीएस्सी! शिक्षणाचा फायदा हाच." मी गोधड्यांकडे बघितलं. कचरूनं त्या घडी करून बाकाखाली सरकवल्या होत्या. मी म्हणालो, "तापमानाचा प्रश्न होता, शेठ." हे खोटं नव्हतं. त्या वर्षी माझा पगार चांगला वाढला. कचरूला किती वाढ मिळाली, ते मी पाहिलं नाही.

आता पगारवाढीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलेलं आहे.

आमचे मालक मूळचे शेतीतले. शेतावरच्या सालगड्याचं साल जसं पाडव्याला ठरतं आणि पाडव्यालाच संपतं, तीच रीत त्यांनी कंपनीत चालू ठेवली होती. गुढीपाडव्याला सकाळी ऑफिसात गादी घालायची, पुढ्यात परात, परातीत साखरेच्या गाठ्या. मालक बसायचे, शेजारी मी. माणसं एकेक करून आत यायची. ज्याला काही मागायचं त्यानं तेव्हाच मागायचं. मालक माझ्याकडे बघायचे, मी एखादं वाक्य बोलायचो, मालक आकडा सांगायचे आणि गाठी पुढे करायचे. माणसानं गाठी हातात घेतली की साल ठरलं. त्यानंतर पुढच्या पाडव्यापर्यंत पगाराचा शब्द काढायचा नाही. कागद नाही, सही नाही. पण ही रीत मोडलेली मी कधी पाहिली नाही.

कचरूची गंमत अशी व्हायची की तो आत यायचा, मालक सवयीनं गाठी उचलायचे आणि याचे दोन्ही हात पुढे जायचे. गाठी हातात पडल्यावर तो तोंड उघडायचा.

"मालक, जरा बोलायचं व्हतं..."

"आता काय बोलतो? गाठी कुणाच्या हातात हाय?"

"माह्या."

"मंग? खा. पुढच्या साली बोल."

सगळे हसायचे. कचरूही हसायचा. बाहेर येऊन बायांना गाठीचा तुकडा मोडून द्यायचा आणि उरलेली रुमालात बांधून पोरांसाठी न्यायचा. शांताबाई त्याला चिडवायच्या, "कचरूभाऊ, पुढच्या साली हात घरी ठेवून ये." असं सात-आठ वर्षं चाललं. दर साली मालक आपल्या मनानं जे काही वीस-तीस रुपये टाकतील तेवढेच.

एकदा मी त्याला रागावलो. "अरे, आधी बोलायचं, मग हात पुढे करायचा. एवढं कळत नाही?"

तो ट्रेमधली वाळू सारखी करत होता. मान वर न करता म्हणाला, "कळतं, सायब. पण माझा बाप बावीस वर्षं सालदार व्हता. पाडव्याला मालकाच्या ओट्याखाली उभा राह्यचा. ते वरतून टाकायचे, बाप वंजळीत झेलायचा. हात लागू द्यायचे न्हाई. मी लहानपणी बाजूला उभं राहून पाह्यलेलं हाय. हे मालक हातात देतेत. हाताला हात लागतो. तो हात हवेत ठेवून मी पैशाचं कसं बोलू?"

तो दर साल चौदा एप्रिलला एक दिवस रजा घ्यायचा, पांढरा शर्ट घालून गावी जायचा. बाकी वर्षभर रजा नाही. पाडवा त्याच्या आगेमागेच येई.

साल १९९४ असावं. संक्रांत झाली आणि एक दिवस कचरू दुपारच्या डब्यानंतर दार लोटून माझ्यापुढं उभा राहिला. जालन्यात तोवर बियाण्याच्या बऱ्याच कंपन्या झाल्या होत्या. त्यातल्या एका नव्या कंपनीचा माणूस त्याला चहाच्या टपरीवर भेटला होता.

"लॅब असिस्टंट करतो म्हणले. पगार दुपटीच्या वर. सायब, तुम्हाला इच्यारल्याशिवाय मी व्हय म्हणलो न्हाई."

"तुला जायचंय?"

"मला कायला जायचं? ही खोली मला घरासारखी. पण पोरीचं हाय. सुनंदा बारावीला बसली. नर्सिंगला जाईन म्हणती, औरंगाबादला. तीन साल लागतेत. पांढरा डरेस घालून इंजेक्शन देईन म्हणती. बायको म्हणती, झेपत नसंन तं उन्हाळ्यात लगीन करून टाकू, ठिकाण आलेलं हाय. म्हणजे असं हाय, सायब. पगार झाला तं नर्सिंग, न्हाई तं लगीन."

मी त्याला बसवलं. आणि खरं सांगतो, त्याचं भलं काय याचा विचार माझ्या मनात आधी आला नाही. आधी मनात आलं ते रिकामं स्टूल. त्याआधीच्याच दिवाळीत मी पंधरा दिवस गावी गेलो होतो. परत आल्यावर मालक हसत म्हणाले होते, "काय बीएस्सी, तुम्ही नव्हते तं खोली बराबर चालली की!" चेष्टाच होती. पण मला त्यानंतर तीन-चार दिवस जेवण गोड लागलं नाही. बारा वर्षांत मी दाणे मोजायचं विसरलो होतो. कोवळ्या अंकुराकडे बघून लंगडं कोणतं आणि चालतं कोणतं, हे सांगायला मला कचरू लागत होता. तो गेला असता तर आठ दिवसांत माझं पितळ उघडं पडलं असतं.

मी म्हणालो, "नव्या कंपनीचा काय भरवसा? दोन हंगामांत बंद पडली तर? पाडवा दोन महिन्यांवर आहे. यंदा मी मालकांशी बोलतो. तुझं काम होईल."

"शब्द देता, सायब?"

"दिला."

तो लगेच उठला. "मंग त्यायला न्हाई म्हणून येतो." आणि खरोखर त्याच संध्याकाळी सांगून आला. त्या कंपनीनं आठवड्याभरात दुसरा माणूस घेतला.

पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही तालीम केली. आजही ती आठवली की मला माझीच लाज वाटते, कारण त्या दिवसांत आम्ही खूप हसलो. मी स्टुलावर मालक होऊन बसायचो आणि ओल्या कागदाची गुंडाळी गाठी म्हणून पुढे करायचो. कचरू दारातून आत यायचा आणि त्याचे हात पुढे.

"आला हात!"

"आला, सायब. माझ्या हाताला म्या सांगितलं व्हतं, ऐकलं न्हाई."

शेवटी त्यानंच युक्ती काढली. डावा हात पाठीमागे न्यायचा, त्यानं उजव्याचं मनगट घट्ट धरायचं, आणि बोलणं पुरं होईपर्यंत सोडायचं नाही. बोलायचं वाक्य आम्ही दोघांनी मिळून केलं. त्यानं म्हटलं होतं, "मालक, मला इथं बारा वर्षं झाली. उगवणीचं सारं काम मी करतो. मला लॅब असिस्टंट करा." मी म्हणालो, "सारं काम मी करतो असं नको, उद्धट वाटतं. सायबांच्या हाताखाली करतो, असं म्हण." त्याला ते पटलं. ट्रेवर पाणी शिंपडताना तो तेच वाक्य पुटपुटायचा. अंकुरांना 'उठा रे' म्हणायचं त्या पंधरवड्यात राहून गेलं.

पाडव्याला तो चौदा एप्रिलचा पांढरा शर्ट घालून आला. आत आला. मालकांनी गाठी उचलली. कचरूचे खांदे हलले, पण हात आला नाही. तो पाठीमागे मनगट धरून उभा राहिला. मालकांच्याही ते ध्यानात आलं.

"काय कचरू, आज हात कुठं ठेवला?"

"मालक, मला इथं बारा वर्षं झाली. सायबांच्या हाताखाली उगवणीचं काम करतो. मला लॅब असिस्टंट करा. पोरीला शिकवायचं हाय."

शेवटचं वाक्य आमच्या तालमीत नव्हतं. बोलणं पुरं झालं. हात मागेच होता.

मालकांनी गाठी परत परातीत ठेवली. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते नाराज नव्हते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "माणूस चांगला हाय. करायला काय हरकत न्हाई. तुम्ही सांगा, बीएस्सी. हा गेला तं आपलं अडंल का? अडत आसंन तं आत्ता करून टाकू."

हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मालक द्यायला तयार होते. त्यांना माझ्याकडून एकच शब्द हवा होता, आणि तो खराच होता. पण तो उच्चारला की पुढचा प्रश्न काय येईल हे मला दिसत होतं. याच्यावाचून अडतं, तर मग बीएस्सी, तुम्ही काय करता?

मी म्हणालो, "अडत नाही, शेठ. आठ दिवस शिकवलं की कुणीही करतं."

ऑफिसात पंखा चालू होता. परातीतल्या गाठ्यांवर एक माशी बसली होती, ती मालकांनी हाकलली. "मंग दर सालाप्रमाणं," ते म्हणाले आणि त्यांनी गाठी पुन्हा उचलून पुढे केली.

कचरूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा ट्रे सकाळी उघडावा आणि त्यात काहीच वर आलेलं नसावं, तेव्हा तो जसा आधी वाळूकडे बघायचा, तसं. मग पाठीमागचं मनगट त्यानं सोडलं आणि दोन्ही हात पुढे केले. गाठी घेतली.

"बराबर हाय, मालक," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला बाहेर गाठलं नाही. दुसऱ्या दिवशीही काही बोललो नाही. मालकांकडे पुन्हा जाता आलं असतं. रीत मालकांची होती, मी म्हटलं असतं तर त्यांनी मोडलीही असती. मी रोज ठरवायचो, उद्या.

तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो, तर कचरू ट्रेपाशी उकिडवा बसून म्हणाला, "नॉर्मल अठ्ठ्याहत्तर. अबनॉर्मल अकरा. डेड अकरा."

मला वाटलं चेष्टा करतोय. मान वर करून पाहिलं. तो पुढच्या ट्रेकडे वळला होता. तेव्हापासून नोकरी सुटेपर्यंत तो माझ्या पुस्तकातलेच शब्द वापरत राहिला. चालतं, लंगडं, रुसलेलं हे शब्द मी त्याच्या तोंडून त्या खोलीत पुन्हा ऐकले नाहीत. काम तसंच चोख. मोजणी तशीच. फक्त खोलीत बोलणं उरलं नाही. पुढच्या प्रत्येक पाडव्याला तो आत यायचा, काही न मागता गाठी घ्यायचा आणि जायचा.

सुनंदाचं लग्न त्याच मे महिन्यात झालं. मी गेलो होतो, स्टीलची भांडी घेऊन. कचरूनं मांडवात मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, व्याह्यांना सांगितलं, "हे आमचे सायब." मुलगी पाया पडायला आली. हळदीनं पिवळे झालेले तिचे हात, बापासारखी लांब बोटं. मी 'सुखी राहा' म्हणालो आणि जेवायला न थांबता निघालो.

दोन हजार एक-दोनच्या सुमाराला उगवणीचं कपाट आलं, विजेवर चालणारं, आत आपोआप उष्णता आणि ओल राखणारं. मालकांच्या धाकट्या मुलानं ते आणलं. कचरूची नजरही अधू झाली होती. मुलानं त्याला मोकळं केलं. मी त्याही वेळी समोर बसलेलो होतो आणि त्याही वेळी काही बोललो नाही. जाताना त्यानं दाराबाहेरच्या चपला हातात घेतल्या आणि कंपनीच्या फाटकाबाहेर जाऊन घातल्या. पाच वर्षांनी मी निवृत्त झालो. मला शाल मिळाली, घड्याळ मिळालं.

निवृत्तीनंतर मला झोप कमी झाली. एका वर्षी जूनच्या सुरुवातीला, पेरणीच्या आधी, मी बसनं भोकरदनला गेलो आणि तिथून जीपनं धावड्याला; नोकरी सुटल्यावर कचरू गावीच राहायला गेला होता. नाव सांगितलं, पत्ता विचारावा लागला नाही. "बी तपासणारे कचरूतात्या ना?" जीपवाल्यानंच विचारलं.

त्याच्या घरापुढं कडुनिंबाखाली ओळीनं ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या. गावातले शेतकरी पेरणीआधी आपापलं बियाणं त्याच्याकडे आणून देत. तो उगवून बघून सांगायचा, पेरा किंवा पेरू नका. त्याचे तो काही घेत नसे. चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. मला आवाजावरून ओळखलं.

"सायब! या, या. आत्ता कशे आल्ते?"

"सहज."

त्यानं बाजेवर बसवलं. एक म्हातारा सोयाबीनची गुंडाळी उघडायला आला होता. कचरूनं बोटांनीच चाचपत मोजलं आणि त्याला सांगितलं, "चौसष्ट चालते. बाकीचे लंगडे लई हायेत. दाट पेरजो."

चालते. लंगडे. इथं ते शब्द होते.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात घरातून एक बाई चहा घेऊन आली. चाळिशीच्या आतली, पण केस पिकलेले. सुनंदा. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती. भोकरदनच्या एका दवाखान्यात कामाला होती.

"नर्स म्हणून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई हो," ती हसली. "फरशी पुसते, चादरी बदलते. बारावीवर कोण नर्स करतं?" कप माझ्या हातात देत ती पुढे म्हणाली, "तुमचं नाव लई ऐकलं, काका. आमचे तात्या अजून सांगतेत. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही मालकापाशी लई जोर लावला व्हता. मालकच ऐकला न्हाई, म्हणे. बड्या माणसाला काय गरिबाचं."

मी कचरूकडे पाहिलं. तो सोयाबीनची गुंडाळी पुन्हा बांधत होता. सुतळीची गाठ मारायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मान वर केली नाही.

म्हणजे इतकी वर्षं त्यानं घरी हे सांगितलं होतं. बायकोला, पोरीला, सगळ्यांना. माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून, की आपण चुकीच्या माणसाच्या शब्दावर दुसरी नोकरी सोडली हे घरात कळू नये म्हणून, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. गेलेल्या मालकांना मात्र त्या घरात अजून शिव्या बसत होत्या, आणि त्या माझ्या वाट्याच्या होत्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. ऐकायला ती उभी होती, तोही बसलेला होता, माझ्याकडे परतीच्या जीपपर्यंत तासभर होता. मी चहा प्यालो. यंदा पाऊस कसा म्हणतात, ते विचारलं. कपाशीचं नवं बियाणं कसं, ते विचारलं. सुनंदा कामाला निघून गेली. मग आम्ही दोघंच होतो. कचरू गुंडाळ्यांपाशीच बसून राहिला. मला वाटतं, तो मला वेळ देत होता. बाजरीला दिला होता तसा. मी उठलो.

"येतो, कचरू."

"या, सायब. बराबर जा."

तो जीपपर्यंत पोचवायला आला. अनवाणीच. जीप सुटली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तो कडुनिंबाच्या सावलीच्या टोकाशी उभा होता, त्या पाडव्याला उभा होता तसाच. डावा हात पाठीमागे, डाव्या हातात उजव्याचं मनगट. निरोपाला हात वर केला नाही. जीप वळणावर जाईपर्यंत त्यानं ते मनगट सोडलं नाही.

मी घरून निघतानाच एक वाक्य पाठ करून नेलं होतं, त्याला पाठ करायला लावलं होतं तसंच. बसमध्ये सगळा रस्ता ते पुटपुटत गेलो होतो. ते इथं लिहितो, कारण सुनंदाला वाचता येतं.

कचरू, मालक द्यायला तयार होते. आडवा मी आलो. सारं काम तूच करत होतास, आणि तुझ्यावाचून माझं एक दिवसही चाललं नसतं. मला माफ कर.